घराची ऊर्जा-तपासणी : तपासणारा येण्याआधी काय तयारी कराल?



माती तपासून घेतल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, हे आता तुम्हाला नव्याने सांगायला नको. मातीचा नमुना कसा घ्यायचा हेही बहुतेकांना पाठ झाले आहे. बांधाच्या कडेचा घ्यायचा नाही, खताच्या ढिगाखालचा घ्यायचा नाही, झाडाच्या सावलीतला घ्यायचा नाही. का नाही? कारण नमुना जर शेताचा खरा नमुना नसेल, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी अहवाल खोटाच येणार. आणि खोट्या अहवालावर टाकलेले खत म्हणजे पैसे मातीत घालणे.

आज आपण घराच्या तपासणीची माहिती घेणार आहोत. घरात वीज, गॅस, सरपण कुठे आणि किती खर्च होते, त्यातले किती कामी येते आणि किती वाया जाते, हे पाहण्याला ऊर्जा-तपासणी म्हणतात. कारखान्यांत ती पूर्वीपासून होते. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ साली झाला, दुसऱ्या वर्षी केंद्र सरकारचे ऊर्जा दक्षता ब्यूरो हे खाते उभे राहिले, आणि तेव्हापासून फ्रिज, पंखे, दिवे यांच्यावर चांदण्यांची चिठ्ठी लावण्यापर्यंत हे काम येऊन पोचले. आता घरांची तपासणीही होऊ लागली आहे. कुठे अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले गावात येऊन करतात, कुठे जाणकार तंत्रज्ञ फी घेऊन करतो, तर कुठे छपरावर सौर पॅनेल बसवणारा आधी घर पाहून जातो.

या तपासणीलाही मातीचाच नियम लागू आहे. तपासणाऱ्याला जे घर दाखवाल, त्या घराचा अहवाल तो देईल. म्हणून तयारी करायची ती घर नटवण्याची नव्हे, घर जसे रोज चालते तसे उघडे करून दाखवण्याची.

एवढी यातायात कशासाठी?

तुम्ही म्हणाल, "अहो, बिल तर दरमहा येतंच. त्यात कळतं की किती वीज जळली." बरोबर. पण बिलात एकूण आकडा असतो. तो कुणी खाल्ला, हे बिल सांगत नाही. घरात दहा माणसे जेवतात तेव्हा धान्य किती संपले हे कणगी सांगते. उंदराने किती नेले, ते मात्र कणगी सांगत नाही.

सध्या गावोगाव छपरावर सौर पॅनेल बसत आहेत. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. अनुदान वजा जाता उरलेले पैसे आपल्याच खिशातून किंवा कर्जातून जातात. घरातली गळती तशीच ठेवून पॅनेल बसवले, तर त्या गळतीपुरतेही पॅनेल विकत घ्यावे लागते. फुटक्या टाकीला छिद्र बुजवण्याऐवजी मोठी मोटर बसवावी, तसला हा प्रकार. म्हणून आधी तपासणी, मग दुरुस्ती, आणि त्यानंतर पॅनेल किती मोठे घ्यायचे ते ठरवा. आधी पाया, मग कळस.

आधी कागद गोळा करा

गेल्या बारा महिन्यांची वीजबिले एका पिशवीत घालून ठेवावी. एकाच महिन्याचे बिल चालत नाही. मे महिन्यात पंखे आणि कूलर चालतात, डिसेंबरात पाणी तापवण्याचा हीटर चालतो, पावसाळ्यात निराळेच. बारा महिने पाहिले की घराची नाडी कळते. बिले हरवली असतील तर ताज्या बिलावरच मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो तो पाहावा, किंवा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या कार्यालयात विचारावे.

बिलात तीन गोष्टी मुद्दाम पाहून ठेवा. पहिली, मंजूर भार किती आहे. दुसरी, एखाद्या महिन्यात प्रत्यक्ष वाचन न घेता सरासरीने बिल आले होते का. तसे असेल तर तो महिना हिशेबात धरू नये, त्यावर खूण करून ठेवावी. तिसरी, वापर कोणत्या टप्प्यात येतो. घरगुती वीज पहिल्या १०० युनिटना एका दराने आणि १०१ ते ३०० युनिटना त्याहून बऱ्याच जास्त दराने मिळते. म्हणजे आपण जे युनिट वाचवतो, ते सर्वात वरच्या, महागाच्या टप्प्यातले वाचते. ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

घराची आणि शेतीपंपाची जोडणी वेगवेगळी असेल तर दोन्ही कागद वेगवेगळे ठेवावे. घराच्या तपासणीत पंपाचे आकडे मिसळले की सगळा गोंधळ होतो.

गॅस सिलिंडर ज्या दिवशी लावला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिण्याची सवय लावा. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती दिवस पुरला हे समजले की दिवसाचा खर्च आपोआप निघतो. चुलीवर किंवा बंबाला सरपण लागत असेल, तर एक दिवस सकाळी मोळी ताणकाट्यावर वजन करून ठेवावी आणि संध्याकाळी उरलेली पुन्हा वजन करावी. सरपण फुकटचे आहे असे म्हणून ते हिशेबातून वगळू नका. ते गोळा करायला घरातल्या बाईचे किती तास जातात, तेही लिहा.

गोबरगॅस असेल तर रोज किती पाट्या शेण पडते ते मोजा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. एका घनमीटर गॅसमधून साधारण ४०० ते ४५० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतकी उष्णता मिळते. दावणीची जनावरे कमी झाली आणि संयंत्र मात्र जुन्याच मापाचे, असे अनेक घरांत झालेले असते. तसे असेल तर ते तपासणाऱ्याला आधीच सांगावे.

सात दिवसांची वही

तपासणीच्या आधी एक आठवडा मुलांच्या शाळेच्या वहीतली चार पाने वापरा. रोज एकाच वेळी, समजा सकाळी सात वाजता, मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की कालचे युनिट निघाले. त्यापुढे त्या दिवसाची विशेष गोष्ट लिहावी : "पाहुणे होते", "घरघंटीवर पायलीभर दळलं", "दुपारी चार तास वीज नव्हती", "कडबाकुट्टी चालवली". हे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. ते आवडीने करतात आणि विसरत नाहीत.

दुसऱ्या पानावर घरातल्या प्रत्येक उपकरणाची यादी करा. उपकरणाच्या पाठीमागे किंवा तळाशी पत्र्याची किंवा कागदाची चिठ्ठी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. ते लिहावे आणि त्यापुढे ते उपकरण रोज किती तास चालते ते लिहावे. हिशेब सोपा आहे : वॅट गुणिले तास, भागिले एक हजार, म्हणजे युनिट. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट झाले.

यादी करताना माजघर आणि स्वयंपाकघर एवढ्यावर थांबू नका. ओसरी, पडवी, गोठा, न्हाणीघर, माळा, परसातला दिवा, पाण्याची मोटर, सगळीकडे फिरा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथेच असतो.

नमुन्यादाखल एक हिशेब पाहू. समजा एका घरात महिन्याला असा खर्च होतो :

चार जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, रोज १० तास : ९० युनिट
जुना फ्रिज, रोज दीड युनिट : ४५ युनिट
गोठ्यातला १०० वॅटचा साधा बल्ब, रात्रभर १० तास : ३० युनिट
टाकी भरण्याची एक हॉर्सपॉवरची मोटर, रोज एक तास : सुमारे ३० युनिट
पाणी तापवण्याची १५०० वॅटची हीटरची कांडी, रोज ४० मिनिटे : ३० युनिट
टीव्ही, ६० वॅट, रोज ५ तास : ९ युनिट
सेट टॉप बॉक्स, १० वॅट, दिवसरात्र चालू : सुमारे ७ युनिट
इस्त्री, १००० वॅट, रोज पाव तास : साडेसात युनिट
मिक्सर, ५०० वॅट, रोज १० मिनिटे : अडीच युनिट
सहा एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॅट, रोज ४ तास : साडेसहा युनिट

बेरीज झाली सुमारे २५७ युनिट. आता नीट पाहा. घरातले सहा दिवे मिळून साडेसहा युनिट जाळतात आणि गोठ्यातला एकटा बल्ब ३० युनिट जाळतो! तिथे ९ वॅटचा एलईडी लावला तर पावणेतीन युनिटवर काम होते. पण घरातल्या माणसाला विचारले, "वीज कुठं जास्त जाते?" तर तो म्हणेल, "टीव्हीला." कारण टीव्ही डोळ्यांसमोर असतो, गोठ्यातला बल्ब नसतो.

या घराने गोठ्यातला बल्ब बदलला तर २७ युनिट वाचले. सर्वात जास्त चालणारे दोन पंखे बदलून ३० वॅटचे, बीएलडीसी म्हणतात तसले, लावले तर आणखी २७ वाचले. टाकी भरून वाहते ती वेळीच बंद केली तर दहा आणि सेट टॉप बॉक्स रात्री भिंतीच्या बटणावर बंद केला तर तीन-चार. खर्च १९० च्या आसपास आला. आपल्याकडे एक किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षाची सरासरी धरता दिवसाला सुमारे चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट वीज देते. २५७ युनिटच्या घराला दोन किलोवॅट पुरत नाही, तीन घ्यावे लागते. १९० युनिटच्या घराला दोनमध्ये भागते आणि वर थोडे उरतेही. वहीची चार पाने एका किलोवॅटचे पैसे वाचवतात, ते असे.

मीटरच्या दिव्याची परीक्षा

आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. वीज जितकी जास्त तितका तो भराभर लुकलुकतो. एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा मीटरच्या पाटीवर इंग्रजीत छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. आपल्या मीटरवरचा आकडा पाहून घ्या.

आता ही परीक्षा करा. घरातली सगळी उपकरणे बंद करावी, फ्रिज आणि इन्व्हर्टरही. मेन स्विच मात्र चालूच ठेवावा. मग घड्याळ लावून पाच मिनिटे तो दिवा पाहावा. तो एकदाही लुकलुकला नाही तर ठीक. लुकलुकत राहिला तर कुठेतरी एखादे उपकरण विसरले आहे किंवा वायरिंगमध्ये वीज गळत आहे. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला चार वेळा दिवा लुकलुकला, तर सगळे बंद असताना ७५ वॅट, म्हणजे एका जुन्या पंख्याइतकी वीज जात आहे. हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि तपासणाऱ्याला सर्वांत आधी दाखवा.

परीक्षा म्हणजे फक्त पाहणे आणि मोजणे, बरं का. मीटरचे सील, बोर्डाचे झाकण, फ्यूज यांना हात लावायचा नाही. ते काम परवानाधारक वायरमनचे.

पैशाआधी जीव

गळती म्हणजे नुसते बिल नव्हे. जी वीज गळते ती कुठल्यातरी वाटेने जमिनीत जाते. पत्र्याची भिंत, पाण्याचा नळ, गोठ्यातला लोखंडी खांब, ओली भिंत, यांतल्या कुठल्याही वाटेने. त्या वाटेत कोणी उभा राहिला तर तो माणूस किंवा जनावर हीच वाट होते.

म्हणून पुढीलपैकी काहीही घरात होत असेल तर ते वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : नळाला किंवा फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. एखादे बटण गरम लागते. प्लगजवळ काळे पडले आहे किंवा जळका वास येतो. मोटर सुरू केली की दिवे मंद होतात. फ्यूज वरचेवर उडतो म्हणून जाड तार घातली आहे. गाय गव्हाणीला तोंड लावायला बिचकते. कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार विजेच्या खांबाला किंवा वायरच्या जवळ बांधली आहे. ही शेवटची गोष्ट आढळली तर तपासणीची वाट पाहू नका. वायरला टेकलेली तार दिसली तर तिला हात न लावता आधी वीज बंद करवून घ्या. नुसती जवळ बांधलेली असेल तर आजच सोडा आणि तिथे सुताची दोरी बांधा.

घराचे अर्थिंग कधी केले, कुठे केले, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून ठेवा. अर्थिंगचा खड्डा अंगणात कुठेतरी असतो आणि त्यावर बऱ्याचदा विटांचा ढीग किंवा लाकडे रचलेली असतात. ती जागा मोकळी करून ठेवा. वीज गळताच पुरवठा तोडणारे आरसीसीबी नावाचे छोटे यंत्र बोर्डावर आहे का, तेही विचारा. माणसाचा जीव वाचवण्यासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे लागते. तपासणीच्या अहवालात ते बसवा असे आले, तर पंखा बदलण्याच्या आधी ते बसवावे.

लपवू नका

इथे आपली मंडळी अडखळतात. मंजूर भार कमी आणि घरात वस्तू जास्त. शेतीपंपाच्या जोडणीवरून गोठ्याला दिवा घेतलेला. तपासणारा येणार म्हटले की हीटरची कांडी माळ्यावर जाते आणि गोठ्याची वायर काढून ठेवली जाते.

तपासणारा हा दंड करायला आलेला नाही, हिशेब करायला आला आहे. ज्या कांडीचा हिशेब झाला नाही, ती दुसऱ्या दिवशी माळ्यावरून खाली येणार आणि अहवाल खोटा पडणार. वैद्यापासून दुखणे लपवून औषध लागू पडत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे झाकलेली मूठच महागात पडते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तारेवर आकडा टाकणे हा २००३ च्या वीज कायद्याने गुन्हा आहे, आणि शेतीपंपाची वीज घरासाठी वापरणेही नियमात बसत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असल्या जोडण्यांनी माणसे आणि बैल मरतात. तसे काही असेल तर तपासणीच्या निमित्ताने ते काढून टाका आणि रीतसर जोडणी किंवा भारवाढ मागा. लपवण्यासाठी नव्हे, कायमचे सुटण्यासाठी.

तपासणीच्या दिवशी

दिवस ठरवताना त्या वारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते का, ते आधी पाहा. वीज नसलेल्या घराची तपासणी अर्धीच होते. सकाळी लवकर किंवा दुपारनंतरची वेळ चांगली. पत्र्याचे घर असेल तर दुपारची वेळ मुद्दाम निवडा, म्हणजे घर किती तापते हे तपासणाऱ्याला अंगावरच कळेल.

मीटर, मेन स्विच आणि बोर्ड यांच्यासमोरची पोती, खाटा, कपाटे बाजूला करावी. फ्रिजच्या मागचा प्लग हाताला लागेल असे करावे, कारण तपासणारा प्लगमध्ये छोटे मापक लावून पाहतो. फ्रिज दिवसभर थांबत थांबत चालतो, त्यामुळे त्याचा खर्च नुसत्या वॅटवरून काढता येत नाही. शिडी, बॅटरी आणि बंद खोल्यांच्या किल्ल्या काढून ठेवाव्या. पाण्याची टाकी अर्धी रिकामी ठेवावी, म्हणजे मोटर चालवून दाखवता येते. कुत्रा बांधून ठेवावा.

आणि काय करू नये, तेही ऐका. आदल्या दिवशी फ्रिजमधला बर्फ खरवडून काढू नये. बल्ब बदलू नयेत. बंद पडलेला पंखा उतरवू नये. कूलरसमोरची खिडकी रोज बंद असते तर त्या दिवशीही बंदच असू द्यावी. ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसता घाम आणतो, हे तपासणारा सांगेल, पण त्याला ते दिसले तर पाहिजे!

घरची बाई त्या दिवशी घरात असलीच पाहिजे. पुरुषमाणूस शेतावर असतो. चूल कधी पेटते, बंब किती वेळ जळतो, मोटर कोण बंद करते, फ्रिजचे दार नीट लागते का, हे तिलाच ठाऊक. म्हातारी माणसे दिवसभर घरात असतात. कोणती खोली किती वाजता तापते, हे त्यांच्याइतके कुणालाच सांगता येणार नाही. पश्चिमेच्या भिंतीचा ताप, पत्र्याची धग, माळवदाची गारवा देणारी खोली, हे सगळे त्यांनी बोलू द्यावे आणि तपासणाऱ्याने लिहून घ्यावे. पत्र्यावर पांढरा रंग देणे, आतून छत बांधणे, असे स्वस्त उपाय यातूनच निघतात.

ओळखपत्र पाहिल्याशिवाय कुणालाही घरात घेऊ नका. मोबाईलवर आलेला गुप्त आकडा कुणाला सांगू नका. तपासणीसाठी त्याची गरज नसते. आणि पॅनेल किंवा पंखे विकणाराच तपासायला आला असेल, तर त्याची वागणूक कितीही चांगली असली तरी तो विक्रेता आहे हे लक्षात ठेवा. तुमची सात दिवसांची वही हातात असली की त्याचे गणित तुम्हाला ताडून पाहता येते.

जाताना काय विचाराल?

तोंडी सल्ल्यावर भागवू नये, चार ओळी तरी लिहून घ्याव्या. त्यात तीन गोष्टी असाव्या : काहीही खर्च न करता काय करता येईल, थोड्या खर्चात काय करता येईल आणि मोठ्या खर्चाचे काम कोणते. प्रत्येकासमोर महिन्याला किती युनिट वाचतील ते लिहून घ्यावे.

मग आपला हिशेब आपण करावा. समजा नवा पंखा २,७०० रुपयांना पडतो, महिन्याला साडेतेरा युनिट वाचवतो आणि वरच्या टप्प्यातले एक युनिट १० रुपयांचे धरले. महिन्याला १३५ रुपये वाचले, म्हणजे वीस महिन्यांत पंखा फिटला. पण थंडीत पंखा बंद असतो, म्हणून अडीच वर्षे धरा. तरीही पंखा त्यानंतर पुष्कळ वर्षे चालतो. जी वस्तू इतक्या लवकर फिटते ती घ्यावी, जी पंधरा वर्षांनी फिटते ती तूर्त राहू द्यावी.

दुरुस्त्या झाल्या की दोन महिन्यांनी पुन्हा सात दिवसांची वही लिहा. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी ताडून पाहा. पीक कापल्यावरच उतारा कळतो, तसे हे आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. बारा महिन्यांची बिले, गॅसच्या तारखा, सरपणाचे वजन एकत्र ठेवा.
२. सात दिवस मीटरचा आकडा रोज एकाच वेळी लिहा.
३. गोठा, पडवी, परसासकट सर्व उपकरणांची यादी करा.
४. सगळे बंद करून मीटरचा दिवा पाहा. मीटर उघडू नका.
५. शॉक, जळका वास, गरम बटण यांची माहिती सर्वात आधी द्या.
६. घर रोजच्यासारखे ठेवा. काही लपवू नका.
७. घरच्या बाईला आणि वडीलधाऱ्यांना बोलू द्या.
८. आधी गळती थांबवा, मग सौर पॅनेलचे माप ठरवा.

हे पत्रक वाचून झाले की फेकू नका. मीटरशेजारी खिळ्याला अडकवून ठेवा आणि शेजारच्या घरी तपासणी असेल तेव्हा त्यांना वाचायला द्या.